फेब्रुवारीचा घड मे महिन्यात ठरतो

दारात द्राक्षाची वेल लावलेली माणसं बरीच भेटतात, दारची द्राक्षं खाल्लेली फार थोडी. वेल झकास असते, मांडव भरून पसरलेली, खाली खुर्ची टाकून बसावं अशी सावली. घडाचं विचारलं की "यंदा नाही आले" असं उत्तर मिळतं, आणि पुढच्या वर्षीही तेच मिळतं. मी वेल लावायचं ठरवलं तेव्हा मावसभावाने पहिला प्रश्न विचारला, "ताई, तुला सावली पाहिजे का द्राक्षं?" त्याची स्वतःची बाग आहे. दोन्ही पाहिजे म्हटल्यावर तो म्हणाला, "मग आधी चांगली कात्री घे. रोप मी देतो."

त्याचं म्हणणं मला अंगणात काम करताना हळूहळू उलगडलं. द्राक्ष ज्या मुलखातलं, तिथे थंडीत पानगळ होते. वेल उघडी पडते, निजते, आणि ऊन वाढलं की डोळे फुटून त्या नव्या फुटीवर घड दिसतात. आपल्या उष्ण हवेत तिला थांबवणारी थंडीच पडत नाही. ती बारा महिने शेंड्याकडे धावत राहते आणि मागच्या काडीवरचे डोळे तसेच मिटलेले राहतात. नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या बागांनी यावर जी तोड काढली ती म्हणजे वर्षात दोन छाटण्या आणि एक पीक. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जिला गोडी छाटणीही म्हणतात. पहिली काडी तयार करण्यासाठी, दुसरी त्या काडीतून घड बाहेर काढण्यासाठी. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात मस्कत हॅम्बुर्गची, म्हणजे तिकडच्या पन्नीर द्राक्षाची, दोन वर्षांत पाच पिकं घेतात. वेल तीच, पण तिचं वर्ष कसं असावं हे माणूस ठरवतो.

माझी अडचण एवढीच होती की अंगणात वेल एकटी नव्हती. भाजीचे वाफे आधीपासून होते आणि ते मोडायचे नव्हते. त्यामुळे वेलीचं वेळापत्रक आणि भाजीचे हंगाम एकमेकांत बसवणं, हाच माझ्या बागकामाचा मोठा भाग होऊन बसला.

वाण निवडताना भावाशी थोडा वाद झाला. त्याचा आग्रह बंगलोर ब्लूचा. जाड सालीचं, बियांचं, उग्र वासाचं काळं द्राक्ष. करपा रोगाला सहसा दाद देत नाही आणि हेळसांड झाली तरी फळतं. मला बिनबियांचं हवं होतं. थॉम्पसन सीडलेसमधून इकडच्याच बागायतदारांनी निवडून काढलेले सोनाका, तास-ए-गणेश, माणिक चमन हे वाण आहेत, त्यातलं माणिक चमन मी धरून बसले. शेवटी दोन्ही लावली, एकेका टोकाला एकेक. बंगलोर ब्लू नुसत्या छाट काडीवर वाढलं. पेन्सिलीच्या जाडीची, चार डोळ्यांची पिकलेली काडी घ्यायची, खालचा काप डोळ्याच्या लगत आडवा, वरचा तिरका. तिरका काप पाणी ओघळून जावं म्हणून, शिवाय काडी उलटी लावली जात नाही हाही फायदा. माणिक चमनसाठी मात्र उन्हाळ्याच्या तोंडी डॉगरिजचं खुंटरोप लावलं आणि पाऊस ओसरता ओसरता भावाने येऊन त्यावर पाचर कलम बांधलं. डॉगरिज हे खारवट पाणी आणि पाण्याचा ताण सोसतं म्हणून महाराष्ट्रात त्याचा एवढा प्रसार झाला. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, तेव्हा त्यावर चर्चा नव्हती.

मांडवासाठी लोखंडी पाइप उभे करून वर तारा ओढल्या, हात वर केला की तारेला लागेल एवढ्या उंचीवर. पहिलं वर्ष खोड आणि ओलांडे, म्हणजे तारेवर आडव्या जाणाऱ्या मुख्य फांद्या, घडवण्यातच जातं. एकच फूट काठीला बांधून सरळ वर न्यायची, बगलफुटी काढत राहायच्या, तारेच्या थोडं खाली शेंडा मारायचा आणि वरच्या दोन फुटी दोन बाजूंना वळवायच्या. इथे बागायतदारांची 'स्टॉप अँड गो' नावाची युक्ती उपयोगी पडते. ओलांडा एका दमात लांब पळू द्यायचा नाही. सात-आठ पानं झाली की शेंडा खुडायचा, मागच्या डोळ्यांतून काड्या निघू द्यायच्या, मगच पुढे न्यायचा. नाहीतर ओलांड्याच्या टोकाला झुपका आणि मधे नुसता दांडा उरतो, आणि तो दांडा पुढे कधीच भरून येत नाही. हे काम कंटाळवाणं आहे. वेल जोमात असताना तिला अडवायचा हात होत नाही, घरातले लोकही "वाढतेय तर वाढू दे की" म्हणतात.

खरड छाटणी बघायला आमच्या गल्लीतले लोक कुंपणाशी उभे राहिले होते. पानांनी भरलेला मांडव, बाहेर रणरणतं ऊन, आणि मी प्रत्येक काडी ओलांड्यापाशी एकेक डोळा ठेवून कापत चाललेले. खाली काड्यांचा ढीग साठला आणि वर तारांना चिकटलेले दोन तपकिरी ओलांडे तेवढे उरले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मेली का गं वेल?" त्या उन्हात ओलांडे भाजतात, म्हणून पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांवर पाणी मारायचं. त्याने डोळेही एकसारखे फुगतात. मोठ्या कापांना आणि खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावली. कापलेल्या टोकातून कधीकधी पाणी ठिबकतं. ते मुळांच्या दाबाने वर चढलेलं पाणी असतं, त्याने वेलीचं काही बिघडत नाही.

डोळे फुटले की फुटींची गर्दी होते. त्यातल्या अशक्त, एकमेकींवर चढलेल्या, खाली लोंबणाऱ्या काढून टाकायच्या. राहिलेल्या काडीला सात पानं झाली की शेंडा मारायचा. वरच्या बगलेतून मग दुसरी फूट निघते, ती सबकेन. तीही चार-पाच पानांवर खुडायची. जिथे शेंडा मारला तिथे काडीला गाठ येते आणि त्या गाठीच्या आसपासच्या डोळ्यांत घड सापडण्याचा संभव जास्त. माळी लोक फळछाटणीत 'गाठीवर मार' म्हणतात ते याच गाठीबद्दल.

आता मे-जूनबद्दल जरा सविस्तर, कारण घरच्या वेली वांझ राहतात त्या बहुतेक इथेच. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या दरम्यान नव्या काडीवरच्या डोळ्यांत घडाची अगदी सूक्ष्म सुरुवात होते. बाहेरून काही दिसत नाही, नुसता टपोरा तपकिरी डोळा. पण आत त्या जागी पुढे घड व्हायचा की बाळी व्हायची हे तेव्हा ठरत असतं. घड आणि बाळी, म्हणजे वेल ज्याने तारेला विळखा घालते तो कोंब, दोन्ही एकाच मुळापासून बनतात. डोळ्याला भरपूर ऊन, उष्णता आणि काडीत साठा मिळाला तर घड. सावली, ढग, नत्राचा मारा आणि पळत सुटलेला शेंडा मिळाला तर बाळी. म्हणजे फेब्रुवारीत खायच्या द्राक्षाचा निकाल मे-जूनच्या उन्हात लागतो आणि ऑक्टोबरमध्ये आपण तो फक्त वाचतो. ऑक्टोबरमध्ये कितीही खत घाला, डोळ्यात नसलेला घड येत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की बागेतले बरेच निर्णय आपोआप होतात. या काळात वेलीला शेणखत, युरिया, जीवामृत काही नाही. पाणी थोडं तोडायचं, वेल सुकेल इतकं नाही, शेंड्याचा पळ मंदावेल इतकं. काड्या तारेवर पसरून, सुटसुटीत बांधायच्या. मांडवाखाली उभं राहून खाली पाहिलं तर जमिनीवर उन्हाचे कवडसे पडलेले दिसले पाहिजेत. गडद सावली पडली तर फुटी अजून विरळ करायच्या.

आणि दोडका मांडवावर चढवायचा नाही. यावर आमच्या घरात दरवर्षी बैठक बसते. तयार मांडव आहे, तारा आहेत, पावसाळ्यात द्राक्षं काही लागत नाहीत, मग दोडका, पडवळ, वाल का नाही? दिसायला अगदी बिनतोड. पण जूनमध्ये लावलेला दोडका जुलैत तार गाठतो आणि त्याची पानं हाताच्या पंजाएवढी असतात. काडीला पिकायला ऊन हवं असतं नेमकं तेव्हाच तो वर छप्पर घालतो. शिवाय दमटपणा कोंडला की केवडा रोग आलाच. दोडक्यासाठी मी पश्चिमेच्या भिंतीलगत बांबूचा वेगळा मांडव केला आहे.

भाजीची मांडणी उन्हाच्या दिशेवरून केली. आपल्या अक्षांशावर मे ते जुलै सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे मांडवाची सावली मांडवाखालीच पडते. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो आणि तीच सावली उत्तरेकडच्या वाफ्यांवर सरकते. म्हणून हिवाळी भाज्या सगळ्या दक्षिणेच्या बाजूला. उत्तरेचे वाफे पावसाळी भेंडी-गवारीला. मांडवाखालच्या जमिनीत, खोडापासून दूर, हळद आणि आलं. या दोघांना अर्धी सावली चालते, मे-जूनमध्ये लागण होते, आणि माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे वेलीवरची फवारणी ठिबकली तरी आपण पानं खात नाही. पालेभाजी मांडवाखाली लावायचा मोह मी मुद्दाम टाळते.

मे महिन्यात, वेलीला नवी पानं आली की, मांडवाच्या कडेची कोवळी सावली वांगी-मिरचीच्या रोपांना फार मानवते. उघड्यावर रोपं करपतात, घरात ठेवली तर लांबुडकी होतात. गादीवाफ्यावर बी ओळीने पेरायचं, वर चाळलेल्या खताचा पातळ थर, झारीने पाणी. पाऊस स्थिरावला की पुनर्लागण.

पावसाळा भाजीचा. त्याच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही असं लोक समजतात, पण मेहनत याच हंगामात. भेंडीचं बी रात्रभर भिजवून टोकलं की चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर येतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसलं की ते उपटायचं, त्यावर औषध नाही. पांढरी माशी तो रोग पुढच्या झाडावर नेते, आणि एका झाडाची माया केली तर ओळ जाते. दोडक्याची आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, कारल्या-काकडीची सकाळी. माश्या-भुंगे कमी असले की मी दिवेलागणीला नरफूल खुडून त्याचे परागकण मादीफुलाला लावते. मादीफुलाच्या पाठीशी इवलासा दोडका आधीच दिसतो, त्यामुळे ओळखू येतं. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा सापळा टांगला. त्यात नर माश्या अडकतात. पण नुसत्या सापळ्यावर विसंबून चालत नाही, किडलेलं फळ वाफ्यात पडू न देता रोजच्या रोज उचलून लांब नष्ट करावं लागतं.

वेलीकडे या दिवसांत रोगासाठीच जायचं. पानाच्या वरच्या बाजूला तेल सांडल्यासारखा पिवळट डाग आणि उलटं करून पाहिलं तर खाली पांढरी लव, हा केवडा. कोवळ्या फुटीवर काळपट, कडा उठलेले खड्डे, हा करपा. मी घरच्या घरी बोर्डो मिश्रण करते. मोरचूद आणि चुना यांचं हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्दो भागातलं. वाटेकडेच्या वेलींची द्राक्षं लोकांनी तोडू नयेत म्हणून तिथले बागाईतदार त्यांवर मोरचूद-चुना शिंपडत, आणि त्या वेलींवर केवडा कमी दिसतो हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं. १८८५ साली त्याने ते मांडलं. म्हणजे चोरांसाठीचं औषध रोगाला लागू पडलं.

करायची रीत अशी. एक टक्का मिश्रणासाठी एक लिटर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत, अर्ध्या-अर्ध्या पाण्यात; लोखंडी भांडं नको. चुना फडक्यातून गाळून घ्यायचा. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचं, सुंदर आभाळी रंग येतो. त्यात घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आंबट आहे, पानं जळतील, म्हणून अजून चुन्याची निवळी घालायची. खिळा स्वच्छ निघेपर्यंत हे चालतं. त्याच दिवशी वापरायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी कामाचं नाही. कोवळ्या फुटीवर मी निम्म्या ताकदीचं मारते, आणि मारताना काकडीवर्गाच्या वेलींवर जुनी चादर टाकते, कारण त्यांच्या कोवळ्या पानांना तांबं सोसत नाही.

सप्टेंबरपर्यंत काडी पिकली की नाही हे पाहायचं. हिरवी काडी तळापासून तपकिरी होत जाते. मी एक काडी कापून तिचा आडवा छेद बघते. आतला भेंड तपकिरी असेल तर काडी पक्की, पांढरा-हिरवट असेल तर कच्ची. बागायतदार याच्या पुढे जातात. छाटणीआधी काडीचे नमुने प्रयोगशाळेत देतात, तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते लिहून देतात. भावाने त्याच्या नमुन्यांबरोबर माझ्याही काड्या नेल्या. त्याचा फोन आला: "ताई, तुझ्या काडीत माल आहे. पण पहिल्या दोन डोळ्यांत काही नाही, पाचव्या-सहाव्यात आहे. आखूड मारलीस तर नुसती पानं बघत बसशील." घरच्या वेलीची छाटणी लोक गुलाबासारखी आखूड करतात आणि घड कात्रीबरोबर खाली पडतो, तो हा असा.

ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर फळछाटणी. त्याच्या आठ-दहा दिवस आधी पाणी तोडून पानं हाताने उतरवली. बागांमध्ये छाटणीनंतर डोळे एकदम फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. थंडीत वेलीची जी झोप मोडायची तीच हे रसायन मोडतं. ते फार विषारी आहे, कातडीला लागू द्यायचं नाही, आणि ते हाताळलेल्या माणसाने त्याच्या आगेमागे दारू घेतली तर अंगावर येतं. दोन वेलींसाठी ती बाटली घरात आणायला मी नकार दिला. त्याऐवजी काड्या हलक्या हाताने पिळून घेतल्या, आतून किंचित करकर वाजेल इतक्याच, आणि शेवटच्या दोन-तीन डोळ्यांखेरीज इतरांवर जोर जाऊ नये म्हणून काडी वाकवून बांधली नाही. फुटी मागेपुढे झाल्या. बागायतदाराला ते परवडत नाही, कारण त्याला माल एकदम काढायचा असतो. मला उलट सोय झाली, घड महिनाभर पुरवून खाता आले.

कापसासारखी लव दिसू लागलेला डोळा, मग पोंगा, म्हणजे मिटलेल्या पानांचा कोंब, मग दोन-तीन पानं, आणि त्या पानांच्या समोरच्या अंगाला गुलाबी-हिरवट, मिरीच्या दाण्यांचा झुबका वाटावा असा घड. हा दिवस वेल लावणाऱ्याचा. पण आनंद आवरता घ्यायचा, कारण पुढचे दोन आठवडे फसवे असतात. आभाळ भरून आलं, वेलीत साठा कमी पडला किंवा फुटी फार ठेवल्या तर दिसलेला घड जिरतो. कालपर्यंत घड होता तिथे आज बाळी वळवळत असते. म्हणून घड दिसताच वांझ फुटी काढून टाकायच्या, म्हणजे आहे तो साठा घडांच्या वाट्याला येतो. माझ्या वेलींना मी एका काडीवर एकच घड ठेवते आणि त्याच्यामागे पंधराच्या आसपास पानं राखून शेंडा मारते. घड पोसतात ती पानं.

दोडा अवस्थेत, म्हणजे फुलोरा उमलायच्या आधी, परतीच्या पावसाची एक रात्र सगळं नेऊ शकते. घडावर रात्रभर पाणी राहिलं की केवडा थेट घडावर बसतो आणि तो कुजून तपकिरी होतो. पाऊस थांबला की मी मांडवाची तार हाताने हलवते, सगळं पाणी अंगावर झडतं. बागांमध्ये यासाठी ब्लोअर लावतात.

छाटणीने मांडव उघडा पडतो त्याच आठवड्यात दक्षिणेच्या वाफ्यांत मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. ऊन भरपूर, हवा थंडावणारी, मेथी महिन्याभरात काढायला येते. धणे चोळून दोन फाकी करून पेरायचे, अख्खे पेरले तर उगवण रखडते. गाजर-मुळ्याला माती भुसभुशीत हवी. टोमॅटो, कोबी, फ्लॉवरची रोपं नोव्हेंबरात लावलेली. वाटाण्याला इतकं ऊन नको असतं, त्याला थंडी पुरेशी पडली तरच दाणा भरतो. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून वाफ्याच्या कडेने. या सगळ्याला सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही, हिवाळा भाजीला सोपा असतो.

मणी बाजरीएवढे झाले की विरळणी. छोटी टोकदार कात्री घ्यायची आणि घडाच्या आत वाढणारे, एकमेकांवर दाटलेले मणी कापायचे. खालचं टोकही थोडं छाटायचं. मान मोडून, वर बघत करायचं काम. बोटांना घडाचा पांढरा मेणासारखा थर लागू नये म्हणून देठ धरून. बाजारात दिसणारा लांबट, टपोरा मणी हा जिबरेलिक ॲसिडमध्ये घड बुडवून आणलेला असतो. बिनबियांच्या मण्यात बी नसल्याने तो स्वतः फार फुगत नाही. मी डिपिंग केलं नाही. माझे मणी लहान राहिले, वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, गोलसर. चवीला भावाच्या मालापेक्षा सरस. हे त्याला सांगितलं, तो म्हणाला, "वजनाला सांग."

डिसेंबरच्या कोरड्या थंडीत केवडा मागे पडतो आणि भुरी पुढे येते. भुरीला पानं ओली लागत नाहीत, सावलीत हवा कोंडली की मण्यांवर राखेसारखी पसरते. त्यावर पाण्यात मिसळणारं गंधक, पण कडक उन्हात नाही, पाने-मणी भाजतात. मण्यात पाणी उतरू लागलं, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ आणि पारदर्शक व्हायला लागला, की बुलबुल, साळुंक्या आणि खारी हजर. मांडवाच्या कडांना जाळी बांधली आणि वरचे घड कागदात गुंडाळले. वर्तमानपत्राची शाई घडाला लागते, म्हणून कोरा कागद. पाणी या काळात कमी करत आणायचं, पण सारखं द्यायचं. कोरडं ठेवून एकदम भरपूर पाजलं की मणी तडकतात, आणि तडकलेल्या एका मण्याच्या वासाने गांधीलमाश्या सगळा घड फोडतात.

कधी तोडायचं यात घाई चालत नाही, कारण द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंबा-केळ्यासारखं अढीत गोड होईल ही आशा नाही. घडाचा वरचा भाग आधी गोड होतो, टोक शेवटी. म्हणून चाखायचा तो सगळ्यात खालचा मणी. तो गोड लागला तर घड तयार. माणिक चमन फेब्रुवारीच्या मध्यापासून काढायला आलं. बंगलोर ब्लूचा रंग आधी चढला, पण रंगावर जाऊन तोडला असता तर आंबट निघाला असता. त्याला पुढे आणखी बरेच दिवस ठेवलं आणि घरात रस केला तो त्याचाच.

घड उतरवल्यावर वेलीला लगेच कात्री लावत नाही. पानं अजून काम करत असतात, ओलांड्यांत आणि मुळांत साठा भरत असतात. तीन-चार आठवडे पाणी चालू, खोडापासून लांब चरात शेणखत, मग एप्रिलमध्ये पुन्हा खरड. याच मोकळ्या दिवसांत हळद काढून उकडून वाळत टाकते आणि तिच्या जागी माठ, चवळी पेरते. काडीच्या तुकड्यांना मागणी असते. मागणाऱ्याला मी बंगलोर ब्लूच देते आणि एकच विचारते, मांडवाला मे महिन्यात दुपारी ऊन लागतं का. नाही म्हणाले तर त्यांना दोडक्याचं बी देते.